मागणीचं काम, मनाचं काम

या पुस्तकासाठी कामं निवडायला घेतली तेव्हा बहुतेकांनी एकच सल्ला दिला: दोन भाग करा. पहिल्या भागात लोकांनी सांगितलेलं काम, म्हणजे मुखपृष्ठं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, दुकानांचे बोर्ड, मसाल्यांची पाकिटं. दुसऱ्या भागात स्वतःहून केलेलं, म्हणजे पाट्यांचे फोटो, बोरूने लिहिलेली पानं, टाइपाची आखणी. सल्ला सोयीचा होता. पोटापाण्याचं कुठलं आणि हौसेचं कुठलं, हे वाचणाऱ्याला लगेच कळलं असतं. तरी मी तो मानला नाही. कामं ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने इथे लावली आहेत. एका पानावर पतसंस्थेचं कॅलेंडर आणि समोरच्या पानावर त्याच सुमारास रात्री बसून गिरवलेली मोडीची बाराखडी, असं जागोजाग दिसेल. ते तसंच का दिसायला हवं, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आमच्या व्यवसायात एक समज घट्ट बसलेला आहे. डिझायनर खरा दिसतो तो हौसेच्या कामात. पैसे घेऊन केलेल्या कामात तो मन मारून वागतो, असा तो समज. कला महाविद्यालयातून बाहेर पडणारी मुलं आजही हा समज सोबत घेऊन बाहेर पडतात आणि पहिल्याच नोकरीत हिरमुसतात. माझ्या बाबतीत झालं ते निराळं. अक्षराकडे बघायला मला शिकवलं ते मागणीच्या कामाने. आणि मनाने हाती घेतलेलं काम तेव्हाच तडीला गेलं, जेव्हा त्यावर दुसऱ्या कुणाची तरी गरज येऊन टेकली. मला या पुस्तकातून एवढंच म्हणायचं आहे; बाकीची पानं त्याचा पुरावा म्हणून आहेत.

महाराष्ट्राला तर हे नवीन वाटायला नको. आपल्याकडे घराघरांत चित्र पोचलं ते प्रदर्शनांतून कमी आणि छापील कागदावरून जास्त. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून वर्षातून एकदा चित्रकाराला हजारो घरांत जायची वाट मोकळी झाली. गोव्यातून मुंबईत आलेल्या दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये स्वतःचाच ‘दीपावली’ काढला. रघुवीर मुळगावकरांच्या देवादिकांच्या चित्रांची कॅलेंडरं भिंतीवर लागली, त्यांची पूजा झाली. या दोघांनी केलेल्या मुखपृष्ठांपैकी कुठलं सांगितलेलं आणि कुठलं मनापासूनचं, असं विचारायला गेलं तर उत्तर सापडत नाही. दलालांकडे बघताना मला त्यांच्या रेषेइतकंच त्यांच्या निर्णयाचं अप्रूप वाटतं. चित्र मागणारा आणि चित्र काढणारा या दोन्ही जागा त्यांनी स्वतःकडे घेतल्या, पण अंक ठरलेल्या दिवशी निघाला पाहिजे, विकला गेला पाहिजे, हे बंधन ठेवलं. ते त्यांनी सोडलं नाही.

कमल शेडगे यांचं उदाहरण माझ्या कामाला आणखी जवळचं आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात नोकरी करता करता त्यांनी मराठी नाटकांची शीर्षकं लिहिली. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात म्हणजे काळ्या शाईची, खरबरीत कागदावरची, स्तंभ-सेंटिमीटरच्या दराने मोजून विकत घेतलेली जागा. तिथे छायाचित्र धड छापलं जायचं नाही. नाटक विनोदी की ऐतिहासिक, घरातलं की दरबारातलं, हे नावाच्या अक्षरांनीच सांगायचं. शेडगे यांनी त्या चौकोनात जे केलं त्यातून मराठी प्रेक्षकाला अक्षराचा स्वभाव ओळखायची सवय लागली. जागा अपुरी होती, शाई एकच होती, कागद वाईट होता. या तिन्ही गोष्टी मागणीने लादलेल्या होत्या आणि त्यांच्याशिवाय ती अक्षरं तशी घडली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

र. कृ. जोशी यांच्या बाबतीत तर दोन्ही प्रवाह इतके एकमेकांत मिसळलेले की वेगळे करणं व्यर्थ. जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरी, कविता, सुलेखन, पवईच्या आयआयटीत शिकवणं, आणि पुढे संगणकासाठी भारतीय लिप्यांचे टाइप. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा टाइप त्यांनी आखलेला. आज सरकारी कार्यालयात मराठी पत्र टंकणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण त्याच्या पडद्यावर वर्षानुवर्षं दिसत आलेली अक्षरं एका कवीच्या हातची आहेत.

आता माझ्या कामाकडे येते. सुरुवातीला लग्नपत्रिका आहेत आणि त्या मी मुद्दाम जास्त घेतल्या आहेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छापखान्यांच्या गल्ल्यांत मी काम शिकले. तिथे डिझाईनचे वेगळे पैसे मागण्याची पद्धत नव्हती. ते कागद-छपाईतच धरलेले असायचे. पत्रिका करताना समोर सगळं घर येऊन बसतं. वर ‘श्री गणेशाय नमः’, त्याखाली कुलदैवत, मग निमंत्रण, वधू-वरांची नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आणि मग आपले विनम्र. ही शेवटची यादी म्हणजे खरी परीक्षा. आजोबांचं नाव आधी, मग थोरले काका. पण थोरले काका वारलेले आणि काकू आहेत, तर त्यांचं नाव कुठे? मामांकडची नावं त्याच ओळीत की खाली? एका काकांच्या नावापुढे पदवी आहे म्हणून त्यांची ओळ लांबते, आणि धाकटे असूनही तेच ठळक दिसतात. “ताई, ते जरा बारीक करा, नाहीतर भाऊ रुसतील,” असं मुलीची आई हळूच सांगते.

मांडणी म्हणजे कोणाला कोणाच्या आधी वाचायचं हे ठरवणं. ही व्याख्या मी पुस्तकात नंतर वाचली. कळली ती इथे. पत्रिकेत एका पॉइंटचाही फरक वाया जात नाही. वधूचं नाव वरापेक्षा लहान दिसायला नको, ही मागणी गेल्या काही वर्षांत मुलीच स्वतः येऊन करू लागल्या आहेत. दोन्ही नावं एकाच मापाची घेतली तरी एकात दीर्घ वेलांटी आणि रफार असतो, दुसऱ्यात नुसते काने. मग मोजमाप बाजूला ठेवून डोळ्याने समतोल साधावा लागतो. या कामाला कोणी बक्षीस देत नाही. लग्न झालं की पत्रिका रद्दीत जाते. तरी मला विचाराल तर देवनागरीचं माझं सगळं शिक्षण तिथे झालं.

पुस्तकांची मुखपृष्ठं हा मधला मोठा भाग. त्यातल्या चित्रांबद्दल मी इथे फार बोलत नाही, ती समोर आहेत. बोलायचं आहे ते कण्याबद्दल, कारण पुस्तक कपाटात गेलं की वर्षानुवर्षं दिसतो तो कणाच. डेमी आकाराचं 240 पानांचं पुस्तक घ्या. सोळा पानी 15 फर्मे, म्हणजे 120 कागद. सत्तर जीएसएमचा मॅपलिथो असेल तर कणा जेमतेम 11 मिलिमीटरचा होतो. बांधणीत कव्हर थोडं इकडेतिकडे सरकतं, म्हणून दोन्ही कडांना दोन-दोन मिलिमीटर सोडावे लागतात. उरले सात. या सातांत देवनागरी शीर्षक बसवायचं. रोमन कॅपिटल अक्षरं असती तर पूर्ण सात मिलिमीटर त्यांना मिळाले असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार; खाली उकार, ऋकार. शीर्षकात ‘कृष्ण’ असेल तर खालचा ऋकार जागा खातो, ‘मौन’ असेल तर वरच्या दोन मात्रा. मधलं अक्षर उरतं चार मिलिमीटरच्या आसपास. कपाटासमोर उभं राहून चार पावलांवरून ते वाचता आलं पाहिजे.

मग उपाय शोधावे लागतात. मात्रा थोडी आडवी झुकवायची, उकार अक्षराच्या पायाला चिकटवून घ्यायचा, शिरोरेषा पातळ करायची म्हणजे पोटातली पोकळी मोठी राहते. हे सगळे उपाय मला कण्याने शिकवले, आणि पुढे स्वतःचा टाइप आखायला बसले तेव्हा तेच हाताशी होते. प्रकाशक “नाव जरा मोठं करा” म्हणतात तेव्हा अनेक डिझायनर वैतागतात. माझ्या मते त्यांची मागणी बहुतेक वेळा बरोबर असते. फक्त उपाय फॉन्टचं माप वाढवण्यात नसतो, तो अक्षराच्या पोटात असतो.

आता दुसरा धागा. पाट्यांचे फोटो मी कोणी सांगितलं म्हणून काढायला लागले नाही. कोल्हापूर, मिरज, गिरगाव, पणजी, जिथे जाईन तिथे हाताने रंगवलेल्या पाट्या टिपत गेले. सायकलची दुकानं, पिठाच्या गिरण्या, खानावळी, एसटी स्थानकं, तालमी. फ्लेक्स आला आणि बघता बघता या पाट्या उतरू लागल्या, म्हणून घाई होती. त्यातल्या पुष्कळ पाट्यांच्या कोपऱ्यात पेंटरची बारीक सही असते. एका पेंटरकाकांना काम करताना बघायला मिळालं, ते सविस्तर सांगते.

शटरच्या वरचा पत्रा घासून, पांढरा हात मारून तयार होता. काकांनी खडू चोळलेली दोरी दोन टोकांना धरून ताणली आणि मधून उचलून सोडली; पत्र्यावर सरळ रेघ उमटली. अशा दोन रेघा, एक शिरोरेषेची आणि एक पायाची. मग खडूनेच पूर्ण नाव एकदा हलक्या हाताने लिहिलं, लांब जाऊन पाहिलं, ‘र’ आणि ‘स’ यांच्यातलं अंतर पुसून कमी केलं. डाव्या हातात टोकाला चिंधी गुंडाळलेली काठी पत्र्याला टेकवलेली, तिच्यावर उजवं मनगट. चपटा ब्रश इनॅमलमध्ये बुडवून डबीच्या काठावर दोन्ही बाजूंनी पुसला की त्याला धार येते. उभा दंड वरून खाली एका दमात. ‘क’चा गोल दोन फटकाऱ्यांत, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे ब्रश बोटांत फिरवून. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे. मी विचारलं, “काका, आधी का नाही ओढत?” ते म्हणाले, “आधी ओढली तर अक्षरं तिला लोंबतात. नंतर ओढली की ती अक्षरांना बांधते.” मोडी लिहिणारे कारकून याच्या बरोबर उलट करत. ते आधी कागदभर रेघ मारून घेत आणि मग अक्षरं तिला अडकवत जात, कारण त्यांना वेग हवा होता. दोन्ही रिती आपापल्या कामाला योग्य. दोन्हींचे नमुने या पुस्तकात जवळजवळ ठेवले आहेत.

हे फोटो बराच काळ नुसते साठत गेले. खरं सांगायचं तर साठवणं हे काम नव्हतं, ती ओढ होती. त्यांना आकार आला तो बाहेरून. 2022 मध्ये महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली; मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशी अटही आली. मग दुकानदार धावत आमच्याकडे येऊ लागले. इंग्रजी नाव आणि त्याची ओळख आधीच ठरलेली होती. तेच मराठीत करून हवं होतं.

इथे ‘लहान असू नये’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न डिझायनरपुढे उभा राहतो. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजून ते रोमन कॅपिटलच्या उंचीइतकं केलं, तर नियम पाळल्यासारखा दिसतो, पण मधलं अक्षर निम्म्याने आखूड होतं आणि रस्त्यापलीकडून फक्त इंग्रजी वाचलं जातं. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची कॅपिटलइतकी घेतली तर मराठीला न्याय मिळतो, पण बोर्ड उंच लागतो आणि खर्च वाढतो. दुसरी अडचण जाडी-बारकाईची. बोरूला देवनागरीसाठी दिलेला काप रोमनच्या टाकापेक्षा उलट्या तिरक्याचा असतो. त्यामुळे रोमनमध्ये जो फटकारा बारीक तो आपल्याकडे जाड होऊ शकतो. इंग्रजी अक्षरांचे तुकडे कापून त्यांची देवनागरी जुळवली की ती अक्षरं परकी दिसतात, ती याच कारणाने.

त्या दिवसांत मला पेंटरांच्या पाट्या कामी आल्या. दोन्ही लिप्या एकाच पत्र्यावर, एकाच ब्रशने लिहायच्या, हा प्रश्न त्यांनी कधीच सोडवलेला होता. कुठलंही एक अक्षर दुसऱ्यासारखं काढायचं नाही. ब्रश एकच, रंग एकच, वजन सारखं, आणि प्रत्येक लिपी आपापल्या चालीने. या पद्धतीने केलेले काही बोर्ड पुस्तकात आहेत. त्यांच्या शेजारी ज्या जुन्या पाट्यांवरून ते सुचले त्या पाट्या आहेत.

टाइपाची गोष्ट जास्त लांबची. देवनागरीचा पूर्ण फॉन्ट म्हणजे जोडाक्षरं धरून पाचशेच्या पुढे आकृत्या. खिळ्यांच्या काळातही हाच डोंगर होता. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे खिळे नावाजले गेले ते हा डोंगर नीट फोडल्यामुळे. बापूराव नाईकांनी 1971 मध्ये देवनागरीच्या मुद्रणावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. हा विषय एका माणसाच्या आयुष्याला कसा पुरून उरतो, हे तो चाळताना कळतं. मी सुरुवात केली ती निव्वळ आवडीने. मोडीची गोलाई देवनागरीत आणता येईल का, हे बघायचं होतं. सुटी अक्षरं सुंदर झाली. पान मात्र वाचवेना. कोणी मागत नव्हतं, कोणी थांबलेलं नव्हतं, त्यामुळे मी एकेका अक्षराचं सौंदर्य वाढवत बसले आणि ओळ मागे पडली.

मग लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशिकेने विचारलं: नुकतं वाचायला शिकलेल्या मुलांसाठी टाइप देशील का? तिच्या अटी थोड्या आणि पक्क्या होत्या. ल मराठीच हवा, पाकळ्यांचा. हिंदी पुस्तकांतला दंडाचा नको. श देठाचा हवा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मुलाला दिसला पाहिजे. ॲ एकसंध हवा. पुष्कळ फॉन्टांत मराठी ल असतो, पण तो मागे ठेवलेला असतो; मजकूर मराठी आहे अशी खूण संगणकाला केली तरच तो पुढे येतो, नाहीतर हिंदीचा छापला जातो. ॲ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 मध्ये. मराठी मुलाच्या पहिल्या पुस्तकातली अक्षरं त्याच्या शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरांशी जुळत नसतील, तर त्याची काय तारांबळ होत असेल, याचा विचार मोठ्यांनी फार उशिरा केला.

तिची सगळ्यात अवघड अट ऱ्हस्व वेलांटीची होती. ‘स्थिती’ या शब्दात पहिली वेलांटी लिहिली जाते स्‌च्याही आधी, पण उच्चारात येते थ नंतर. तिची कमान आखूड पडली तर ती अर्ध्या स वर टेकते आणि मूल अडखळतं. कमान थ च्या दंडापर्यंत पोचली की त्याला जोडाक्षर एकत्र दिसतं. म्हणून एकाच वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंदीच्या आकृत्या आखल्या, प्रत्येक अक्षर आणि जोडाक्षर यांच्या मापाने. मोडीची गोलाई बरीचशी गेली. जी राहिली ती ‘ळ’च्या वळणात आणि ‘द’च्या शेपटीत राहिली, आणि तिथे ती शोभते. माझ्या आवडीचा टाइप त्या प्रकाशिकेच्या मागणीने वाचनीय झाला. तो आज या पुस्तकातल्या तळटिपांना वापरला आहे.

काही कामं नाकारली गेली, तीही घेतली आहेत, पण थोडी. गिऱ्हाइकाने नाकारलं म्हणून काम आपोआप चांगलं ठरत नाही, आणि अशा कामांचं कौतुक करण्याची जी रीत पडली आहे ती मला पटत नाही. जिथे नाकारलेल्या आराखड्यातून पुढे काही निघालं, तेवढेच ठेवले आहेत. राजकीय पक्षांचे फलक घेतले नाहीत. तसं काम मी केलेलं नाही.

छापखान्यातल्या लोकांचं ऋण मोठं आहे. प्लेट लावून पहिला कागद निघाला की भिंग घेऊन काळ्याचा ठिपका तपासणारे मशीनमन, कागद कुठे ताणला जातो हे दाखवून देणारे बाइंडर, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना तुटलेला प्रत्येक रफार हाताने दुरुस्त करणाऱ्या अक्षरजुळणीच्या मुली. त्यांची नावं प्रत्येक कामाखाली त्यांच्या संमतीने दिली आहेत. पाट्यांच्या खाली पेंटरची सही जिथे वाचता आली तिथे ती मोठी करून छापली आहे.

शेवटच्या पानांवर मुलांसाठीच्या त्या टाइपाची जोडाक्षरं तक्त्यात मांडली आहेत. ते काम अजून चालू आहे. ‘ङ्क’, ‘ह्म’, ‘द्ध्य’ यांसारख्या आकृत्यांबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही, म्हणून प्रत्येकीचे दोन-दोन पर्याय शेजारी ठेवले आहेत. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी तो तक्ता मुलांपुढे धरावा, कुठला पर्याय मुलं न थांबता वाचतात ते बघावं, आणि प्रकाशकांच्या पत्त्यावर मला लिहून पाठवावं. पुढचा आराखडा त्या पत्रांवरून करायचा आहे.